मुरूम घासून जात नाही

नाकाच्या शेंड्यावर काळे ठिपके दिसले की पहिला संशय मळावर जातो. मग दिवसातून चार-पाचदा साबण, अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब, शिवाय टॉवेलने खसाखसा पुसणं. वास्तविक ब्लॅकहेडच्या काळेपणाचा धुळीशी संबंध नसतो. त्वचेच्या छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशींचा बोळा अडकलेला असतो. छिद्राचं तोंड उघडं असेल तर त्यातलं मेलॅनिन आणि हवेचा संपर्क यामुळे तो काळा दिसतो; तोंड बंद असेल तर तोच बोळा पांढुरका. घासून तो निघत नाही, आजूबाजूची कातडी मात्र सोलवटते आणि गव्हाळ-सावळ्या वर्णावर तिथे महिनोन्‌महिने टिकणारा काळा डाग उमटतो. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा तोंड धुतलं की पुरे.

मुरमांचा उद्योग चालतो तो कातडीच्या आत. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यांच्या हुकुमाने तेलग्रंथी जोमाने कामाला लागतात, छिद्रं बुजतात आणि प्रत्येकाच्याच त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू त्या बंद जागेत फोफावतो. मग सूज, लाली, पू. यातला पहिला बोळा पुटकुळी दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी तयार झालेला असतो. त्यामुळे आजच्या फोडाचं खापर कालच्या वडापाववर फोडण्यात अर्थ नाही.

घराघरांत निदानं मात्र तयार असतात: उष्णता झालीय, पोट साफ नाही, रक्त बिघडलंय. आणि मुलीच्या बाबतीत, ‘लग्न झालं की आपोआप जातील.’ विशी-तिशीतल्या कितीतरी बायकांना मुरमं येतात, लग्न झालेलं असो वा नसो. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. मुहूर्त नंतर बघता येईल.

खाण्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. १९६९ साली अमेरिकेत फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी ६५ जणांना आळीपाळीने चॉकलेटच्या वड्या आणि तशाच दिसणाऱ्या बिनचॉकलेटच्या वड्या खाऊ घातल्या. मुरमांत फरक दिसला नाही, आणि पुढे कित्येक वर्षं ‘आहाराचा काही संबंध नाही’ असं ठामपणे सांगितलं गेलं. गंमत अशी, की त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होते. चॉकलेट निर्दोष सुटलं ते समोर तितकाच गोड साक्षीदार उभा केल्यामुळे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर झटकन न वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरमं इतरांपेक्षा जास्त कमी झाली. त्यांचं वजनही उतरलं होतं, तेव्हा श्रेय नक्की कशाचं, हा प्रश्न उरतोच. तरी मैदा, साखर, कोल्ड्रिंक कमी करायला हरकत नाही. तळलेल्या भज्याचं तेल थेट गालावर येत नाही. डोक्यावर चोपडलेलं खोबरेल मात्र कपाळावर येतं. केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग दिसली, तर आधी तेल कमी करून बघावं.

टूथपेस्ट आणि लिंबू यांनी त्वचा भाजते, एवढं सांगून पुढे जाऊ. कारण खरा धोका औषधाच्या दुकानातल्या स्वस्त ट्यूबमध्ये आहे.

ही ट्यूब मैत्रीण सुचवते, पार्लरवाली सुचवते, कधी दुकानदारच काढून देतो. दोन-चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळतो. ही करामत स्टेरॉइडची. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि ज्या मुरमांसाठी ट्यूब आणली तीच दुप्पट जोराने उसळतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या अनेक केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम मुरमांचाच होता.

खरी औषधं एवढी चटपटीत नसतात. अ‍ॅडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड गुण दाखवायला सहा ते आठ आठवडे घेतात, सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो, आणि बेंझॉइल पेरॉक्साइड तर उशीच्या रंगीत अभ्र्यावर पांढरे डाग पाडतं. पंधरा दिवसांत कंटाळून लोक पुन्हा त्या जादूच्या ट्यूबकडे वळतात. ती सोडायला गेलं की चेहरा लाल होतो, आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. हा फेरा त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सोडवावा लागतो, आणि त्याला महिने लागू शकतात.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर डॉक्टरच्या चिठ्ठीविना ती चेहऱ्याला लावू नये; दुकानदार काहीही म्हणो.