बी, डबल ओ, के

शाळेत स्पेलिंग घोकताना आपण काय म्हणायचो? बी, डबल ओ, के, बुक! 'बी, ओ, ओ, के' असं कुणीच म्हणत नसे. ही आपल्या घोकंपट्टीची लकब, असंच मला वाटायचं. पण मेंदूलाही तीच लकब आहे म्हणे.

अल्फोन्सो कारामाझ्झा आणि गाब्रिएले मिचेली यांनी 1990 साली एका इटालियन रुग्णाच्या चुका मांडल्या. मेंदूला इजा झाल्यापासून त्याचं स्पेलिंग बिघडलं होतं. इटालियन ही बरीचशी उच्चाराबरहुकूम लिहायची भाषा. तरी अक्षरं गळत, बदलत, जागा सोडत. पण या गोंधळालाही शिस्त होती! स्वराच्या जागी बहुतेक वेळा स्वरच यायचा, व्यंजनाच्या जागी व्यंजन. आणि दुहेरी अक्षराची तर गंमतच. 'सोरेल्ला' म्हणजे बहीण. त्यात आर एकच, एल डबल. चुकताना व्हायचं डबल आर आणि एकच एल. अक्षरं आपापल्या क्रमाने, 'डबल' तेवढं घसरलेलं.

असं का व्हावं? जॉर्ज हॉटन, डेव्हिड ग्लासपूल आणि टिम शॅलिस यांनी 1994 मध्ये संगणकावर स्पेलिंग लिहिणारं न्यूरल नेटवर्क मांडलं. त्यात शब्दाची सगळी अक्षरं एकदमच हात वर करतात. ज्याचा जोर जास्त, ते आधी लिहिलं जातं आणि लगेच त्याला गप्प बसवलं जातं. न बसवलं तर पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत राहील. पण मग नुकतंच गप्प केलेलं अक्षर लागोपाठ दुसऱ्यांदा कसं येणार? त्यासाठी 'डबल'ची खूण वेगळीच ठेवावी लागली.

मग या नेटवर्कमध्ये मुद्दाम थोडी खरखर मिसळली. अक्षरं गळू लागली, अदलाबदल होऊ लागली, 'डबल' भलत्याच अक्षराला चिकटू लागलं. चुका शब्दाच्या मध्यावर जास्त, टोकांना कमी; रुग्णांचंही तसंच. संगणकाला जमलं म्हणून मेंदू अगदी असाच चालतो, असं नाही. तरी चुकासुद्धा माणसासारख्याच कराव्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि यासाठी मेंदूला इजाच व्हायला हवी असंही नाही. डेव्हिड रुमेलहार्ट आणि डोनाल्ड नॉर्मन यांनी 1982 मध्येच टायपिंगमधली हीच चूक हेरली होती. घाईत तुमच्या बोटांनी कधी 'बी, ओ, डबल के' टाइप केलं, तर लगेच खोडू नका. एकदा नीट बघून घ्या.