तिफण, दप्तर आणि लेकरांची न्याहारी



मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते आणि आपल्याकडच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. म्हणजे तिफण आणि दप्तर साधारण एकाच पंधरवड्यात घराबाहेर पडतात. पाऊस वेळेवर आला तर घरातली मोठी माणसे उजाडायच्या आत वावरात असतात. मागे राहतात लेकरे, गंजातला चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. कापूस वेचणीच्या दिवसांतही हेच घडते.

आता जरा हिशेब करा. लेकरू सहाला उठले, चहात चार बिस्किटे बुडवून खाल्ली आणि शाळेत गेले. शाळेतली खिचडी त्याच्या ताटात पडते दुपारच्या सुट्टीत. तोवर सहा-सात तास त्याच्या पोटात मैदा, साखर आणि तेल एवढेच. मग गुरुजी सांगतात, "पोराचं लक्ष नाही." लक्ष कुठून असणार? आपण बैलाला औताला जुंपण्यापूर्वी वैरण दाखवतो, एवढे लिहून पुढे जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. म्हणजे ते वाढले. हीच बालके पुढे पहिली-दुसरीच्या वर्गात येऊन बसतात. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, त्यातले जंतांचे कारण वेगळे, त्याची गोळी शाळेत मिळते. परंतु सकाळचा घास आपल्या हातातला आहे.

मी राहतो उस्मानपुऱ्यात. क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधला हा भाग. खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी खोली घेऊन राहिलेली कुटुंबे आसपास पुष्कळ आहेत. गडी माणूस गावाकडे शेती पाहतो किंवा वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो, बाई दोन घरची कामे धरते. गावाकडची सकाळ आणि इथली सकाळ यांत घाईच्या बाबतीत काही फरक नाही. आमच्याकडे मंडळींची नोकरी सकाळच्या पाळीची, त्यामुळे दोन लेकरांची न्याहारी माझ्याकडे आली. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते केवळ ऐकीव नाही, हाताने केलेले आहे. बंधूंनो, हे वाचून पान घरातल्या बाईकडे सरकवू नका. तुम्हालाही जमेल.

गोष्ट साधी आहे. भाकरी दुमडायची आणि आत काहीतरी पौष्टिक भरायचे. ताट नको, वाटी नको, रस्सा सांडायला नको. लेकरू हातात धरून खाते, वेळच नसेल तर फडक्यात बांधून नेते. अडचण एकच येते. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, त्यामुळे भाकरी गार झाली की दुमडताना तुटते. त्यावर उपाय उकडीचा. तीन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी गव्हाचे पीठ मिसळून डब्यात भरून ठेवावे. सकाळी एक वाटी पाण्याला चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, त्यात या मिश्रणाची एक वाटी टाकून हलवावे आणि दोन मिनिटे झाकून ठेवावे. हाताला सोसेल इतके निवले की चांगले मळून घ्यावे. उकळत्या पाण्याने पीठ शिजून लवचिक होते, पोळपाटावर लाटताही येते. ज्याला थापता येत नाही त्यालाही (मला अजून धड येत नाही) तळहाताएवढ्या पातळ भाकऱ्या करता येतात. तव्यावरून काढल्या की एकावर एक ठेवून फडक्यात गुंडाळा, वाफेने मऊ राहतात.

आत काय घालायचे याची तयारी आदल्या संध्याकाळी झाली पाहिजे. सगळी किल्ली इथे आहे. सकाळी डाळ शिजवत बसलात तर शाळाही चुकेल आणि वाफसाही. मटकी आदल्या दिवशी भिजवून, उपसून फडक्यात बांधलेली असावी. संध्याकाळची उसळ करताना तिखट रस्सा करण्याआधी लेकरांपुरती वाटी-दोन वाटी कोरडी उसळ बाजूला काढावी. हळद, मीठ आणि किंचित गूळ पुरे. बटाटे उकडायचे असतील तर तेही त्याच वेळी उकडून ठेवावेत. फ्रीज नसेल तर झाकलेले भांडे परातीत पाणी घालून त्यात ठेवा आणि सकाळी वाफ येईपर्यंत पुन्हा गरम करा. उन्हाळ्यात आणि दमट दिवसांत मात्र रात्रभर बाहेर राहिलेल्या उसळीवर भरवसा ठेवू नका. आंबूस वास आला की ती लेकरांना द्यायची नाही. अशा वेळी शेंगदाण्याची चटणी, उकडलेला बटाटा आणि कच्चा कांदा-टोमॅटो यांवर भागवावे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे ती चटणी गरिबाची म्हणून कमी लेखू नये.

अंडी चालत असतील तर काम आणखी सोपे. एक अंडे वाटीत फोडून त्यात कांदा, हळद, मीठ घालून फेटावे. तव्यावर थोडे तेल टाकून ते पसरावे आणि ओले आहे तोवरच त्यावर तयार भाकरी दाबावी. अंडे भाकरीला चिकटते. मग उलटून, पूर्ण शिजवून दुमडावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. परसात चार गावरान कोंबड्या असतील तर अंड्यांसाठी बाजाराकडे पाहायलाच नको. माळकरी घरांतून अंडे चालत नाही, तिथे मटकी, हरभरा किंवा घट्ट दही आहे. कुणाच्या घरी आग्रह करू नये. दोन लेकरांचे हे सगळे काम पंधरा मिनिटांत उरकते.

हे काही आपण नवीन शोधून काढलेले नाही. मका ज्या देशातून जगभर गेला त्या मेक्सिकोत मक्याची पातळ भाकरी करतात, तिला तॉर्तिया म्हणतात. ती दुमडून आत घेवडा, मिरची, मटण असे काही भरले की त्याला टाको म्हणायचे. शेजारच्या अमेरिकेत टेक्सास राज्यात अंडे-बटाटा भरलेला टाको ही रोजची न्याहारी आहे. कामगारही खातात आणि शाळेची मुलेही. आपल्याकडे सिल्लोड, कन्नडकडे मका पिकतो, पण तो कोंबडीखाद्याकडे आणि स्टार्चकडे जातो. आपण खात नाही, कारण मक्याची भाकरी फुटते. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन मग वाटतात. एक किलो मक्याला साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना. त्याने साल सुटते, पीठ चिवट होते, आणि मक्यातले अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात व अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकांनी मका नेला पण चुन्याची रीत सोडली. पुढे गरीब वस्त्यांतून पेलाग्रा नावाचा रोग पसरला. असो. हा उद्योग घाईच्या सकाळचा नाही, सवडीने करून पाहा.

मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे, मग ते मक्याचे असो की बाजरीचे, धुऊनसुद्धा खाण्यात घेऊ नये, दळणात मिसळू नये, कोंबड्यांपुढेही टाकू नये. जून महिन्यात ही चूक घरात सहज होते. पिशवी स्वयंपाकघराच्या बाहेर, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

आता बाजरीविषयी. वैजापूर, गंगापूर, पैठणच्या शेतकऱ्यांनी हे विशेष वाचावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'एएचबी १२०० एफई' हा संकरित वाण २०१७ मध्ये दिला. नावातला 'एफई' म्हणजे लोह. नेहमीच्या वाणांच्या दाण्यात किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, याच्यात ७३ मिलिग्रॅम. पीक सुमारे ७८ दिवसांत येते. साठ ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर साध्या बाजरीतून तीनएक मिलिग्रॅम आणि या वाणातून चार मिलिग्रॅमहून थोडे जास्त लोह मिळते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १५ मिलिग्रॅम सांगितली आहे. खाल्लेले सगळे लोह अंगी लागत नाही हेही खरे. त्यासाठी भाकरीत लिंबू पिळावे, ते लोह शोषायला मदत करते. चहा नेमके उलटे करतो, म्हणून न्याहारीसोबत लेकरांना चहा देऊ नये. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, तेव्हा दळण थोडे-थोडे आणावे. वाण संकरित असल्यामुळे बी दरवर्षी नवीन घ्यावे लागते. सगळे रान नको, घरच्या खाण्यापुरते दहा-पंधरा गुंठे टाका.

शेवटी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांशी दोन शब्द. तामिळनाडू सरकारने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईतून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेत न्याहारी असावी असे म्हटले आहे. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडे किंवा केळी देण्याचा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबला आणि हवे असल्यास लोकसहभागातून करा असे सांगण्यात आले. माझ्या मते निधी थांबायला नको होता. पण आता लोकसहभागावर सोडलेच आहे तर गावात कोंबड्या आहेत, शेंगा आहेत, बचत गट आहेत. शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना एक आठवडा हजेरीबरोबर एवढेच विचारायला सांगा, "आज सकाळी काय खाऊन आलास?" ती यादी घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बसा. पेरणीच्या आठवड्यातली यादी आणि नंतरची यादी वेगवेगळी ठेवा.