पेल्यातला उतरणारा सूर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिंबाच्या सरबतात साखर-मीठ घालून ढवळताना चमचा पेल्याच्या तळावर वाजवत राहिले, तर सूर आधी खाली घसरतो आणि मिनिटाभरात हळूहळू चढून मूळ जागी येतो. गिरगाव-दादरच्या स्वयंपाकघरांत रोज घडू शकणाऱ्या या गोष्टीचे ‘साखर विरघळून पाणी दाट होते, म्हणून आवाज बसतो’ हे स्पष्टीकरण सहज पटण्यासारखे असले तरी चुकीचे आहे. कारण ते खरे असते, तर सगळी साखर विरघळल्यावर सूर सर्वांत खाली राहिला असता, आणि प्रत्यक्षात तेव्हाच तो वर आलेला असतो.

तळावर वाजवल्यावर कंप पावतो तो पेल्यातला द्रवस्तंभ, आणि त्याचा सूर द्रवातील ध्वनीच्या वेगावर ठरतो; विरघळलेल्या मिठामुळे तर पाण्यातील हा वेग उलट वाढतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५३० मीटर असतो. म्हणजे चौपाटीसमोरच्या पाण्यात आवाज नळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतो.

सूर उतरवतात ते बुडबुडे. दाण्यांना चिकटून आलेली हवा, आणि मिठामुळे पाण्याची वायू धरून ठेवण्याची क्षमता घटल्याने सुटलेली हवा, बारीक बुडबुड्यांच्या रूपात पसरते आणि सरबत क्षणभर दुधाळ दिसते. हवा सहज दाबली जात असल्याने मिश्रणाची संपीड्यता, म्हणजे दाबाखाली आकसण्याची प्रवृत्ती, प्रचंड वाढते. आकारमानाच्या हजारात एक भाग हवा असली, तरी ध्वनीचा वेग सुमारे चौथ्या हिश्शावर येतो आणि द्रवस्तंभाचा सूर जवळजवळ दोन सप्तके उतरतो. बुडबुडे वर येऊन फुटले, की तो पुन्हा चढतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये हे सविस्तर मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे गरम चॉकलेटचा पेला होता.

जलतरंगाचे उदाहरण येथे हमखास दिले जाते, पण ते लागू पडत नाही. तेथे काठी वाटीच्या काठावर पडते, कंप पावते ती चिनी मातीची भिंत, आणि पाणी तिच्यावर केवळ ओझे घालते. म्हणूनच पाणी वाढवले की सूर उतरतो, मग त्यात चिमूटभर साखर असो वा नसो. सरबताचा पेलाही तळाऐवजी काठावर वाजवला, तर बुडबुडे असतानाही सूर फारसा हलत नाही.

वायू ‘विरघळलेला’ असणे आणि ‘बुडबुड्यांत’ असणे यांतही गल्लत होते. गोटी-सोड्याच्या बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असला, तरी तो रेणूरेणूने पाण्यात मिसळलेला असल्याने ध्वनीच्या वेगावर त्याचा परिणाम नगण्य असतो. अंगठ्याने गोटी आत ढकलली, दाब सुटला आणि फेस उसळला, की मगच तो जाणवू लागतो.