छोटी शिडाची नौका, चार दिवसांचा मुक्काम : सोय किती आणि ओझे किती?

अमेरिकेतील सरोवरांच्या आणि खाड्यांच्या काठी उन्हाळ्यात एक दृश्य नित्य दिसते. मोटारीमागे ट्रेलरवर लादलेली शिडाची नौका येते. काँक्रीटच्या उतारावरून ती पाण्यात सोडली जाते, आडवी ठेवलेली डोलकाठी उभी केली जाते आणि थोड्याच वेळात एखादे जोडपे वा लहान कुटुंब चार-पाच दिवसांच्या जलप्रवासाला निघते. बंदरातील जागेचे भाडे नाही, हिवाळ्यात नौका घराच्या आवारात. शिवाय वाऱ्याविरुद्ध ताशी पाच-सात किलोमीटरने जाणारी हीच नौका रस्त्यावरून एका दिवसात शेकडो किलोमीटर दूरच्या पाण्यावर पोहोचते.

मात्र अशा नौकेवर सुखाने राहता येण्यासाठी तिची सिद्धता कशी करावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. येथे प्रत्येक सोयीला वजन असते आणि ते वजन पाण्यावर व रस्त्यावर, दोन्हीकडे वाहावे लागते.

नौकेच्या मर्यादा

या प्रकारातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘कॅटालिना २२’. फ्रँक बटलर यांनी १९६९ मध्ये आराखडा केलेल्या या नौकेच्या पंधरा हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. लांबी सुमारे साडेसहा मीटर, रुंदी २.३ मीटर आणि वजन एक टनाच्या आसपास. अमेरिकेतील प्रमुख महामार्गांवर वाहनाची रुंदी साधारण २.६ मीटरपर्यंत चालते. त्यामुळे ही नौका विशेष परवान्याशिवाय नेता येते.

नौका कलू नये म्हणून तळाशी जे वजन ठेवतात, त्याला जुन्या मराठीत नीरम म्हणत. कॅटालिनाच्या मूळ रचनेत हे काम सुमारे अडीचशे किलोची लोखंडी कील करते. ती तारेने वर ओढून घेतली की नौकेला जेमतेम साठ सेंटिमीटर पाणी पुरते. खाली सोडली की दीड मीटर लागते. आतल्या खोलीत निजण्याच्या जागा आहेत, पण ताठ उभे राहता येत नाही.

वजनाचा हिशोब

दोन प्रौढ व्यक्तींच्या चार दिवसांच्या प्रवासाचे उदाहरण घेऊ. माणशी रोज चार लिटर धरले तर पाणीच ३२ किलो होते. मोठी शिसे-आम्ल बॅटरी सुमारे ३० किलो, बाहेरून लावायचे इंजिन तेवढेच, इंधन १५, नांगर व साखळी १०, अन्न, भांडी व अंथरूण-पांघरूण ४०. त्यात दोन माणसांचे १४० किलो मिळवले की बेरीज तीनशे किलोच्या घरात जाते. म्हणजे नौकेच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के!

ओझे वाढले की नौका खोल बसते, मंद होते आणि लाटांवर सहज उचलली जात नाही. इंजिन आणि माणसे मागच्या भागात असल्याने पाण्याच्या टाक्या व बॅटरी मध्यभागी, शक्य तितक्या तळाशी ठेवणे हिताचे असते. रस्त्यावरचे गणित निराळे आहे. अमेरिकी पद्धतीत ट्रेलरसह एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडावर यावा, असा दंडक आहे. तो कमी पडल्यास वेगात ट्रेलर दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागतो. म्हणून पाणी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर भरणे श्रेयस्कर.

झोप ही चैन नव्हे

थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. यास्तव सुधारणांचा आरंभ निजण्याच्या जागेपासून करावा. गादीतील फोम आठ ते दहा सेंटिमीटर जाडीचा असावा. रात्री श्वासातील बाष्प थंड फायबरग्लासवर द्रवरूप होऊन गादी खालून ओलावते. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळी घातली आणि झडप थोडी उघडी ठेवली, की हा त्रास बराच कमी होतो. डासांसाठी दारावर जाळी हवीच.

शिडाखालच्या आडव्या दांड्यावरून ताणलेले कापडी छत ही सर्वांत स्वस्त आणि गुणकारी सोय होय. त्यामुळे नौकेचा मागचा उघडा भाग ऊन-पावसात दुसरी खोली बनतो. गुंडाळल्यावर त्याचे वजन दोन-चार किलोच भरते.

चूल, दिवा आणि शौचालय

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर दारे-खिडक्या उघडता येतात. नौकेत मात्र तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून छोट्या नौकांवर अनेकजण अल्कोहोलची चूल पसंत करतात. तिची ज्योत दिवसा नीट दिसत नाही, त्यामुळे चूल पूर्ण थंड झाल्याखेरीज तिच्यात इंधन भरू नये. इंधन कोणतेही असो, बंद जागेत ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करू शकते. या वायूला रंग नाही, वास नाही. ऊब मिळावी म्हणून चूल पेटती ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. धोक्याची सूचना देणारे छोटे यंत्र आत बसवणे अत्यावश्यक आहे.

विजेच्या बाबतीत एलईडी दिव्यांनी चित्र पालटले आहे. नांगर टाकलेल्या नौकेने रात्रभर दिवा लावायचा असतो. दहा वॅटचा जुना दिवा दहा तासांत १०० वॅट-तास खातो. दोन वॅटचा एलईडी केवळ २०. बारा व्होल्टची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी सुमारे २१० वॅट-तास मिळतात. त्यामुळे छोटी बॅटरी आणि सुमारे ५० वॅटचा सौर फलक दिवे, रेडिओ व फोनसाठी बहुधा पुरेसा होतो. लिथियम बॅटरी आणखी हलकी असते, पण तिला अनुरूप चार्जर लागतो.

शौचालयासाठी उचलून नेता येणारी बंद पेटी वापरतात. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेले मलजल सोडण्यास मनाई आहे. पेटी किनाऱ्यावर नेऊन रिकामी करावी लागते.

निश्चिंतपणे थांबता यावे म्हणून

नांगरावर विश्वास नसेल तर उत्तम गादीवरही झोप येत नाही. दोराची लांबी खोलीच्या पाच ते सात पट असावी आणि खोली मोजताना नाळेची पाण्यावरील उंची व भरती हेही धरावे. पाणी तीन मीटर आणि नाळ एक मीटर उंच असेल तर सातपटीने २८ मीटर दोर सोडावा लागतो. पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतः खाली ओढून घेता येईल अशी शिडी आणि वारा वाढताच शीड लहान करण्याची सोपी व्यवस्था, या दोन गोष्टी कोणत्याही शोभेच्या साहित्याआधी याव्यात.

सर्वांत मोठा धोका कधीकधी पाण्याबाहेरच असतो. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची असते. ती उभी करताना किंवा उभ्या स्थितीत नौका हलवताना विजेच्या तारेला लागली तर क्षणात जीव जातो. प्रथम मान वर करून पाहणे, हा नियम कधीही मोडू नये. लांबच्या प्रवासात तापलेली चाके थेट थंड पाण्यात उतरवल्यास बेअरिंगमध्ये पाणी शोषले जाते. ती आधी निवू द्यावीत. कील उचलणारी तारही दरवर्षी तपासावी.

कमी सामानाचा धडा

शेन अ‍ॅक्टन या इंग्रज तरुणाने १९७२ मध्ये ‘श्रिम्पी’ या जेमतेम अठरा फुटी नौकेतून इंग्लंड सोडले आणि १९८० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून तो परतला. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांची नौका १७ मीटरची, म्हणजे कितीतरी मोठी होती. आकार निरनिराळे असले तरी नौका किती मोठी, यापेक्षा ती किती विचारपूर्वक सज्ज केली आहे, याला अधिक महत्त्व आहे.

नव्या मालकासाठी सोपा उपाय असा की, खरेदीची यादी करण्यापूर्वी एक रात्र घराच्या आवारात, ट्रेलरवरील नौकेतच काढावी. काय हाताशी नव्हते ते तेथेच कळते. पहिल्या प्रवासाहून परतल्यावर ज्या वस्तूंना हातही लागला नाही त्या उतरवाव्यात. मात्र जीवरक्षक जाकिटे, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी यांना हा नियम लागू नाही. त्यांचा उपयोग करावा न लागणे, हेच प्रवास सुखरूप झाल्याचे लक्षण होय.