हेडफोन घ्या, पण कानाने पारखून!

साडी घेताना आपण पदर उलगडतो, पोत हाताला लावून बघतो. माठ घेताना टिचकी मारतो. हेडफोन मात्र खोक्यावरचं चित्र बघून आणि दुकानदाराच्या ‘ताई, बास एक नंबर आहे’ या शब्दावर घरी येतो. ज्या वस्तूचं सगळं मोल आवाजात, तिचा आवाजच ऐकायचा राहतो!

आमच्या केदारखेड्यासारख्या गावातही आता घरोघरी हेडफोन आलेत. मुलं अभ्यासाचे व्हिडिओ बघतात, बायका पोळ्या लाटताना कीर्तन ऐकतात. बचत गटाच्या बैठकीत हमखास विचारलं जातं, ‘चांगला ओळखायचा कसा?’

मैत्रिणींनो, भोकरदनला किंवा जालन्याला खरेदीला जाताना आपलाच मोबाइल आणि पाठ असलेली दोन गाणी बरोबर न्या. दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेला नमुना मागून घ्या.

पहिलं गाणं गळ्यासाठी. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालेल्या गीतरामायणातलं एखादं लावा. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडके यांचा, एकेक शब्द स्वच्छ कळायला हवा. ‘स’, ‘श’ कानाला टोचत असतील किंवा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल, तर तो हेडफोन बाजूला ठेवा.

दुसरं गाणं वाद्यांसाठी. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. त्यातली व्हायोलिनं, ताल आणि गाणारा वेगवेगळे ऐकू यायला हवेत. तालाच्या दणक्यात गळा बुडाला, तर ‘बास एक नंबर’ असून उपयोग काय? डावा-उजवा आवाज सारखा येतो ना, तेही बघा. कानात घालायचा असेल, तर रबरी टोपी नीट बसायला हवी. ती सैल असली की चांगल्या हेडफोनचाही बास पळून जातो.

दोन हेडफोनची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. थोडा मोठा आवाज आपल्या कानाला उगाचच चांगला वाटतो. मग दोन्हींचा आवाज कमी करा. कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात, तो घ्या.

हे महत्त्वाचं अशासाठी, की शब्द कळले नाहीत की मुलं आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ९० डेसिबलवर गेला, तर मोठ्यांनाही आठवड्याला चारच तास! आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

ऑनलाइन मागवणार असाल, तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि पार्सल आलं की त्याच दिवशी ही दोन गाणी लावा. दुकानातून घेतलात, तर पक्कं बिल मागा. दुकानदार ‘किती वेळ ऐकता ताई’ म्हणाला, तरी संकोच करू नका. पैसे आपले आणि कान आपल्या लेकरांचे!