स्वयंचलित मोटारगाडीतील सदोष गिअर-नियंत्रक बदलण्याची प्रक्रिया : एक विवेचन

प्रस्तावना

मोटारगाडीतील बिघाड म्हणजे झिजलेला अथवा तुटलेला भाग, आणि दुरुस्ती म्हणजे तो भाग काढून नवा बसविणे, ही आपली रूढ समजूत आहे. दीर्घकाळ ती बहुतांशी खरीही होती. परंतु गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांचा प्रवेश झाल्यापासून ही समजूत अपुरी ठरू लागली. भारतात २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर स्वयंचलित गिअर असलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज प्राध्यापकवर्गातील अनेकजण अशा गाड्या वापरतात. अशी गाडी एके दिवशी रस्त्यात थांबते आणि 'मॉड्यूल गेले आहे, बदलावे लागेल' असे गॅरेजमधून सांगितले जाते, तेव्हा सुशिक्षित ग्राहकही निरुत्तर होतो. हा भाग महाग असतो आणि तो बदलूनही दोष कायम राहिल्याचा अनुभव येऊ शकतो. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

उद्दिष्टे

१) गिअर-नियंत्रकाचे कार्य समजून घेणे.
२) नियंत्रकाचा दोष आणि इतर दोष यांतील फरक स्पष्ट करणे.
३) नियंत्रक बदलण्याच्या प्रक्रियेतील टप्पे मांडणे.
४) या प्रश्नाची ग्राहकहक्काशी असलेली बाजू तपासणे.

गिअर-नियंत्रकाचे कार्य

ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच टीसीएम, हा गिअर केव्हा व कोणता बदलावयाचा हे ठरविणारा छोटा संगणक होय. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटरवरील दाब, ब्रेकची स्थिती यांविषयीची माहिती त्याच्याकडे सतत येत असते. तिच्या आधारे तो क्लच व गिअर हलविणाऱ्या मोटारींना किंवा तेलाच्या झडपांना आज्ञा देतो. इंजिनाचा नियंत्रक, ब्रेकचा नियंत्रक आणि टीसीएम हे कॅन नावाच्या संदेशवाहिनीवरून परस्परांशी बोलतात. बॉश कंपनीने ही व्यवस्था १९८६ साली जाहीर केली. तीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध जोडलेला असतो.

पुष्कळ गाड्यांत टीसीएम गिअरबॉक्सवरच बसविलेला असतो. त्यामुळे वायरिंग कमी लागते, परंतु इंजिनाची उष्णता आणि रस्त्याचे हादरे त्याला सोसावे लागतात. तापणे व थंड होणे हजारो वेळा घडल्यावर आतील सोल्डरिंगच्या सांध्यांना सूक्ष्म तडे जाऊ शकतात. असा सांधा कधी जोडलेला तर कधी सुटलेला असतो. म्हणून दोष आज दिसतो, उद्या नाहीसा होतो आणि गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी नेमकी सुरळीत चालते.

दोषाची ओळख : एक उदाहरण

या संदर्भात फोर्ड कंपनीच्या 'पॉवरशिफ्ट' या सहा गतींच्या, दोन कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सचे उदाहरण बोधप्रद आहे. भारतातही २०१२ मध्ये फिएस्टा आणि २०१३ मध्ये इकोस्पोर्ट या गाड्यांतून तो उपलब्ध झाला होता. या गिअरबॉक्समध्ये दोन वेगळ्या प्रकारचे दोष आढळले. पहिला यांत्रिक होता. कमी वेगात गाडी थरथरे, क्लच घसरे. गिअरबॉक्सच्या सीलमधून पाझरलेले तेल कोरड्या क्लचवर येणे हे त्याचे एक कारण होते. दुसरा दोष टीसीएमचा होता. चालत्या गाडीत गिअर अकस्मात सुटे किंवा गाडी सुरूच होत नसे. कंपनीने २०१४ साली अमेरिकेतील फिएस्टा व फोकस गाड्यांसाठी हमीची मुदत वाढविली, तीही या दोन दोषांसाठी स्वतंत्रपणे. क्लचच्या भागांसाठी ७ वर्षे किंवा १,००,००० मैल (सुमारे १,६१,००० किलोमीटर) आणि टीसीएमसाठी १० वर्षे किंवा १,५०,००० मैल (सुमारे २,४१,००० किलोमीटर) अशी ती मुदत होती.

यातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. थरथर क्लचमुळे होत असेल, तर टीसीएम कितीदा बदलला तरी ती थांबणार नाही. उलट टीसीएम गाडीच्या संदेशवाहिनीवरून अधूनमधून गायब होत असेल, तर नवा क्लच निरुपयोगी ठरेल. म्हणून बदलण्यापूर्वीचे निदान हाच या प्रक्रियेचा खरा गाभा आहे.

निदानासाठी स्कॅनर लावल्यावर दोषांचे क्रमांक मिळतात. त्यांतील पी ०७०० हा क्रमांक गिअर-यंत्रणेत काही दोष नोंदला गेला आहे, एवढेच सांगतो. नेमका दोष टीसीएमच्या स्मृतीत वाचावा लागतो. पी ०६१३ हा टीसीएमच्या प्रक्रियकाशी संबंधित आहे. यू ०१०१ याचा अर्थ 'टीसीएमशी संपर्क तुटला' असा होतो. हा क्रमांक इतर नियंत्रक नोंदवितात आणि येथेच घाईचा निष्कर्ष निघतो. वर्गात विद्यार्थी गैरहजर आहे एवढे हजेरीपटावरून कळते. तो आजारी आहे की त्याची बस चुकली, हे त्यावरून कळत नाही. त्याचप्रमाणे संपर्क तुटला म्हणजे टीसीएम निकामी झाला, असे सिद्ध होत नाही.

पुढील चाचण्या साध्या आहेत व त्यांना मल्टिमीटर पुरेसा होतो. प्रथम बॅटरी तपासावी. विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावयास हवेत. त्यानंतर टीसीएमच्या कनेक्टरवर वीजपुरवठा व अर्थिंग यांची तपासणी करावी. ही तपासणी भार असताना करणे आवश्यक आहे, कारण गंजलेली तार भाराविना निर्दोष भासते. शेवटी बॅटरी सोडवून संदेशवाहिनीच्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांचे १२० ओहम समांतर जोडलेले असल्याने तो सुमारे ६० ओहम भरतो. तो १२० भरल्यास वाहिनी कोठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध निकामी आहे, असे समजावे. हे सर्व निर्दोष आढळले आणि तरीही टीसीएम प्रतिसाद देत नसेल, तरच दोष त्याचा मानणे न्याय्य ठरते.

बदलण्याची प्रक्रिया

जुना टीसीएम काढण्यापूर्वी त्याच्यावरील भागक्रमांक टिपून घ्यावा आणि तो संपर्कात असल्यास त्यातील माहिती स्कॅनरने जतन करावी. नंतर बॅटरीची ऋण बाजू सोडवून कनेक्टर मोकळा करावा व त्यात पाणी, तेल किंवा गंज आहे का ते पाहावे. प्रत्यक्ष बदलणे हे कसबी कारागिराच्या दृष्टीने अवघड काम नाही.

अवघड काम त्यानंतर सुरू होते. नवा टीसीएम बहुधा कोरा असतो. त्या विशिष्ट गाडीचा ओळखक्रमांक, इंजिनाचा प्रकार आणि योग्य आवृत्तीची संगणकीय आज्ञावली त्यात भरावी लागते. हे चालू असताना बॅटरीचा दाब घसरल्यास नवा टीसीएमही निकामी होऊ शकतो. म्हणून बॅटरीला स्थिर पुरवठा जोडून ठेवणे अनिवार्य आहे. दुसऱ्या गाडीतील वापरलेला टीसीएम स्वस्तात मिळतो, परंतु त्यात त्या गाडीची माहिती असते. ती बदलता येते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावयास हवे. जुन्याच टीसीएमचे सांधे दुरुस्त करून घेतल्यास मूळ माहिती सामान्यतः टिकून राहते, हा त्या मार्गाचा लाभ होय.

आज्ञावली भरल्यानंतरचा टप्पा अनुकूलनाचा. प्रत्येक क्लच नेमका कोठे पकड घेतो, हे त्याच्या झिजेनुसार वेगळे असते. जुन्या टीसीएमने ते अनुभवाने शिकून घेतलेले असते, नव्याला ते ठाऊक नसते. म्हणून स्कॅनरच्या साहाय्याने त्याला ते शिकवावे लागते आणि नंतर ठरावीक पद्धतीने गाडी रस्त्यावर चालवावी लागते. हा टप्पा गाळल्यास गाडी धक्के देते आणि 'नवा भागही खराब निघाला' असा गैरसमज होतो.

ग्राहकहक्काची बाजू

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पॉवरशिफ्टच्या तक्रारी हाताळताना फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीने अनेक ग्राहकांना, गाडीची थरथर ही त्यांच्या चालविण्याच्या पद्धतीमुळे होते, असे सांगितले होते. तेथील ग्राहकसंरक्षण आयोगाने हे प्रकरण न्यायालयात नेले आणि २०१८ साली संघीय न्यायालयाने कंपनीस १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. निदान कोणाच्या हाती आहे, यावर दोष कोणाच्या माथी जाणार हे ठरते, असे या प्रकरणावरून दिसून येते.

भारतात फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहननिर्मिती थांबविण्याची घोषणा केली. अशा प्रसंगी विकलेल्या गाड्यांचे सुटे भाग आणि त्यांची आज्ञावली ग्राहकाला किती काळ व कोठे मिळणार, हा प्रश्न तीव्र होतो. स्वतंत्र गॅरेजवाल्याकडे कसब आहे, पण आज्ञावली नाही, अशी स्थिती असल्यास स्पर्धा उरत नाही. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. ज्या क्षेत्रांचा त्यात विचार झाला त्यांत मोटारवाहनांचाही समावेश आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

निष्कर्ष

१) टीसीएम बदलणे ही निदान, बदल, आज्ञावली आणि अनुकूलन अशी चार टप्प्यांची प्रक्रिया आहे. यांतील एकही टप्पा गाळता येत नाही.
२) दोषक्रमांक हा तपासाचा आरंभ आहे. तो निर्णय नव्हे.
३) वीजपुरवठा, अर्थिंग व वायरिंग यांची तपासणी झाल्याखेरीज टीसीएम सदोष ठरवू नये.
४) ग्राहकाने दोषक्रमांकांची आणि केलेल्या चाचण्यांच्या मापांची लेखी नोंद मागावी.

समारोप

गाडीचा प्रत्येक मालक तंत्रज्ञ होऊ शकत नाही व तशी अपेक्षाही नाही. तथापि 'मॉड्यूल बदलावे लागेल' असे ऐकल्यावर 'कोणत्या चाचणीवरून हे ठरविले?' एवढा प्रश्न त्याला विचारता आला पाहिजे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने निष्कर्ष लिहिला की आपण त्याला निरीक्षणे दाखवावयास सांगतो. तीच शिस्त गॅरेजमध्येही लागू पडते.