शिष्य करा म्हणजे काय करा?

ढोकी म्हटलं की आधी तेरणा साखर कारखाना आठवतो आणि मग जवळचं तेर. तेरला एक गोष्ट अजून रंगवून सांगतात. संतांचा मेळा जमलेला असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर टकटक केली. मडकं पक्कं की कच्चं, हे कुंभाराला आवाजावरून कळतं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं आहे. देव भेटला होता, पण गुरू नव्हता. मग नामदेव विसोबा खेचरांकडे गेले.

ख्रिस्ती धर्मातली ‘महाआज्ञा’ समजून घ्यायला ही गोष्ट उपयोगी पडते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांना भेटतो. सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, मी दिलेल्या आज्ञा पाळायला शिकवा, असं त्यांना सांगतो. हीच ती महाआज्ञा. समोरच्या काहींच्या मनात शंका होती, हेही मत्तय लपवत नाही. मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याला जोडून आलेली कृदंतं आहेत. म्हणजे सगळा भार शिष्य घडवण्यावर आहे.

चालत जा आणि सांगा, हा आदेश मराठी मुलखाला नवा नव्हता. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन जगाशी व्यापार करणाऱ्या या गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. बहुजनांच्या हितासाठी फिरत राहा, असं बुद्धानेही भिक्खूंना सांगितलं होतं.

ख्रिस्ती आज्ञा घेऊन गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. परत पाठवण्याचे हुकूम निघाले, पण अखेर ते राहिले. पुढे हॉल आणि सॅम्युअल न्यूएल यांनी जगाच्या धर्मांतराचा हिशेब मांडणारी पुस्तिका लिहिली. ती १८१८ मध्ये छापली गेली. साठ कोटी माणसं उरली आहेत, तर तीस हजार मिशनरी लागतील, असं ते गणित होतं. प्रत्यक्षात त्यांच्या मुंबईत पहिली कित्येक वर्षं बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेही नव्हते. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक भागात फिरतीवर असताना हॉल कॉलऱ्याने गेला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार पूर्ण होऊन बाहेर पडला.

हिशेब चुकला, पण काम वाया गेलं असं म्हणता येत नाही. याच मिशनच्या सिंथिया फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. फुले काही ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या वहीत त्यांना कोणत्या रकान्यात टाकणार?

‘शिष्य’ हा शब्द मराठी कानांनी ऐकला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मिशनमध्ये नोकरी केली, ‘ज्ञानोदया’चं संपादन केलं, अभंग रचले, कीर्तनं केली. ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळ्यांनी आधीच पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. तरी त्यांना रुखरुख होती. ख्रिस्त या देशात परदेशी पोशाखातच वावरतोय, असं त्यांना वाटे.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानायचं. मिशनमधल्या अनेकांना हे रुचलं नाही, आणि त्यांचाही मुद्दा होता: बाप्तिस्म्याचा उल्लेख त्याच आज्ञेत आहे, तो वगळायचा कसा? पण टिळकांनी आज्ञेचं मुख्य क्रियापद धरलं, एवढं तरी मान्य करावं लागतं. ९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

स्वतंत्र भारतात हा वाद कायद्याच्या भाषेत परतला. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातल्या धर्मप्रसाराच्या हक्कावर संविधान सभेत जोरदार चर्चा झाली. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क मात्र नाही. पुष्कळ ख्रिस्ती विचारवंतांना हा निकाल अपुरा वाटतो. बळजबरी आणि आमिष यांना आज्ञेत जागा नाही, हे मात्र तेही सांगतात.

शिष्य घडायला किती वेळ लागतो, हे पाहायचं तर टिळकांच्या घरातच पाहावं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई कोसळल्या. जवळपास पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांची चूल आणि सोवळं काही काळ वेगळंच होतं. टिळकांनी घाई केली नाही. एरवी त्यांचा स्वभाव तापट, त्यामुळे हे विशेष. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करायला घेतलं होतं. त्याचे मोजकेच अध्याय झाले होते. उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचला.